अनुदानाचा धनादेश आणि कुळाचा वाटा : अमेरिकन कथात्म साहित्यातील एक मौन

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १२ मे १९३३ रोजी शेती समायोजन कायद्यावर स्वाक्षरी केली, तेव्हा दक्षिणेकडील राज्यांत कापसाची पेरणी होऊन गेली होती. उत्पादन घटवावे, म्हणजे भाव सुधारतील, हा कायद्यामागील विचार होता. परंतु पीक जमिनीत असल्याने त्या वर्षी ते उभेच नांगरून टाकण्याचा मार्ग पत्करला गेला. सुमारे एक कोटी एकरांवरील कापूस अशा रीतीने मोडण्यात आला आणि मोडलेल्या पिकाबद्दल शेतकऱ्यांना सरकारी धनादेश मिळाले. आयुष्यभर ओळींमधून जपून चालण्याची सवय लावलेली खेचरे पिकावर पाय द्यावयास तयार होत नव्हती, अशी हकिकत तेव्हापासून सांगितली जाते. अमेरिकेतील आधुनिक शेती अनुदानाचा आरंभ असा न पिकवण्याच्या मोबदल्यातून झाला. एखादी गोष्ट न घडल्याबद्दल पैसे मिळतात, ही घटना कथात्म साहित्याने कशी हाताळली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

यासाठी तीन कलाकृती विचारात घेतल्या आहेत : जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) ही कादंबरी, विल्यम फॉकनर यांची ‘द टॉल मेन’ (१९४१) ही कथा आणि जोसेफ हेलर यांच्या ‘कॅच-२२’ (१९६१) या कादंबरीतील एक प्रकरण. या तिन्ही कृतींची समीक्षा सहसा निरनिराळ्या दालनांत होते. पहिली निषेधाची, दुसरी दक्षिणेच्या परंपराभिमानाची, तिसरी विसंगतीची म्हणून वाचली जाते. सरकारी धनादेश ही एकच वस्तू हाती धरून त्या एकत्र वाचल्या, तर मात्र निराळेच चित्र समोर येते. धनादेश जमीनमालकाच्या हाती असतो तेव्हा तो अमेरिकन कथेला दिसतो. ज्याच्या हाती तो कधी पोहोचलाच नाही त्या कुळाची बाजू आली की कथा दुसरीकडे पाहू लागते.

हे म्हणणे तपासण्याआधी धनादेशाचा हिशेब पाहणे आवश्यक आहे. १९३४ व १९३५ या वर्षांच्या कापूस करारानुसार पिकाखालून काढलेल्या जमिनीबद्दल तिच्या सरासरी उत्पन्नाच्या दर पौंडामागे साडेतीन सेंट ‘भाडे’ मिळत असे. जमीन मालकाची, म्हणून भाडेही मालकाचे. स्वतःची जनावरे व अवजारे घेऊन शेती सांभाळणाऱ्या कुळाला त्यातील निम्मे मिळण्याची तरतूद होती. पण असा दर्जा कोणाला द्यावयाचा, हे ठरवण्यात मालकाचाच शब्द चाले. याशिवाय दर पौंडामागे एक सेंट ‘समता-रक्कम’ होती. शेतमालाची क्रयशक्ती १९०९ ते १९१४ या काळातील पातळीवर आणणे म्हणजे समता, असा तिचा अर्थ. ही रक्कम पिकातील वाट्याप्रमाणे विभागली जाई. म्हणजे अर्धेलीने राबणाऱ्या बटाईदारास अर्धा सेंट आणि मालकास एकंदर चार सेंट. त्यात पुन्हा तो अर्धा सेंटही पुष्कळदा मालकाच्या हातूनच यायचा आणि मालकाच्या दुकानातील उधारीत वळता व्हायचा.

येथे ‘कूळ’ या शब्दाविषयी एक खुलासा करावयास हवा. मराठी वाचकाच्या मनात या शब्दाला १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांची पार्श्वभूमी आहे. कुळाला हक्क असतो हे येथे गृहीत धरले जाते. अमेरिकेच्या दक्षिणेतील बटाईदारास असा कोणताही हक्क नव्हता. त्याचा करार बहुधा तोंडी आणि एका हंगामापुरता असे. कापूस कराराच्या सातव्या कलमात मालकाने ‘शक्य तोवर’ पूर्वीइतकीच कुळे ठेवावीत असे म्हटले होते. परंतु एकतृतीयांशाहून अधिक जमीन पिकाखालून निघाल्यावर तितके हात लागणार नव्हते आणि ‘शक्य तोवर’ या शब्दांचा अर्थ स्थानिक पातळीवर लावला जाणार होता.

स्थानिक पातळी म्हणजे काउंटी. राज्याखालील हे प्रशासकीय एकक अनुदानाच्या व्यवहाराचे खरे केंद्र होते. काउंटीचा शेती अधिकारी आणि शेतकऱ्यांची समिती यांच्या हातून करार होत, क्षेत्र मोजले जाई, तक्रारी ऐकल्या जात. दक्षिणेत या समित्यांवर मोठ्या जमीनदारांचे वर्चस्व होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच शेजाऱ्यापुढे कुळाला उभे राहावे लागे. आर्कान्सॉ राज्यातील पॉइन्सेट काउंटीत टायरोन्झा या गावाजवळ जुलै १९३४ मध्ये गोऱ्या व कृष्णवर्णीय कुळांनी एकत्र येऊन ‘सदर्न टेनन्ट फार्मर्स युनियन’ स्थापन केली, ती याच अनुभवातून. वॉशिंग्टनमधील शेती खात्याच्या काही कायदेतज्ज्ञांनी सातव्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांच्यापैकी अनेकांना, त्यांचे प्रमुख जेरोम फ्रँक यांच्यासह, दूर करण्यात आले. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायद्यातील उत्पादन-नियंत्रणाची योजना घटनाबाह्य ठरवली. परंतु महिन्या-दोन महिन्यांत मृदसंधारणाच्या नावाने नवा कायदा आला आणि देयके चालू राहिली.

याच पार्श्वभूमीवर ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ प्रसिद्ध झाली. जोड कुटुंब ओक्लाहोमातील सॅलिसॉ गावच्या परिसरातले आहे. सॅलिसॉ हे सिक्वोया काउंटीत, राज्याच्या पूर्व टोकाला आहे. धुळीच्या वादळांचा मुख्य पट्टा तेथून बराच पश्चिमेकडे होता. स्टाइनबेक यांच्या भूगोलातील ही चूक समीक्षकांनी पूर्वीच दाखवली आहे आणि ती आता अभ्यासकांच्या विनोदाचा विषय झाली आहे. वस्तुतः ती विनोदावर सोडून देण्याजोगी नाही. पूर्व ओक्लाहोमातील कूळ धुळीने उठले नसेल, तर कशाने उठले, हा प्रश्न तीतून उभा राहतो. कादंबरीचे उत्तर ट्रॅक्टर आणि बँक असे आहे. पाचव्या प्रकरणात मालकांची माणसे मोटारीतून येतात आणि अंगणात उभ्या असलेल्या कुळांना सांगतात की अर्धेलीची पद्धत आता परवडत नाही. एक ट्रॅक्टर बारा-चौदा कुटुंबांचे काम करील. बँक हा माणसांनी बनवलेला, परंतु माणसांना न आवरणारा राक्षस आहे, असे तीच माणसे सांगतात. नंतर ट्रॅक्टर येतो आणि त्यावर ओळखीच्याच घरचा मुलगा बसलेला असतो. गोळी घालायची तर कोणाला, असे कूळ विचारते. तेव्हा बोट चालकाकडून बँकेच्या अध्यक्षाकडे आणि तेथून पूर्वेकडील कोणा अदृश्य सत्तेकडे सरकत जाते.

हे प्रकरण प्रभावी आहे यात शंका नाही. जबाबदारी हवेत कशी विरून जाते, याचे इतके नेमके चित्रण विसाव्या शतकातील कादंबरीत क्वचित आढळते. पण जबाबदारी खरोखर इतकी विरली होती काय? ट्रॅक्टर घेण्यास मालकाकडे पैसा कोठून आला, हा साधा प्रश्न या प्रकरणात कोणी विचारत नाही. शिवाय येथील मालकांचा बेत जमीन मरण्यापूर्वी तिच्यातून शक्य तितका कापूस काढून घेण्याचा आहे. ज्या दशकात सरकार कापूस कमी करण्यासाठी पैसे मोजत होते, त्या दशकाच्या कादंबरीत जमीनमालक अधिक कापसासाठी कुळे उठवतो, ही विसंगती लक्षणीय आहे. घटलेल्या क्षेत्रामुळे कूळ अनावश्यक ठरले आणि क्षेत्र घटवण्याच्या मोबदल्यातून त्याच्या जागी येणारे यंत्र विकत घेतले गेले, ही साखळी कादंबरीत तुटलेली आहे.

पंचविसाव्या प्रकरणात संत्र्यांवर रॉकेल ओतणे, डुकरे मारून पुरणे, बटाटे नदीत टाकणे ही दृश्ये येतात. १९३३ सालच्या शरद ऋतूत सरकारने सुमारे साठ लाख डुकरे विकत घेऊन मारली होती. वाचकाच्या मनात ती आठवण ताजी असणार. कादंबरी मात्र सारा नाश नफ्याच्या खात्यावर टाकते. सरकार तिच्यात ठळकपणे उभे राहते ते दोन रूपांत : कॅलिफोर्नियातील मळेवाल्यांच्या तालावर नाचणारे स्थानिक शेरीफ आणि वीडपॅच येथील स्वच्छ, स्वयंशासित सरकारी छावणी. एकीकडे दंडुका, दुसरीकडे निवारा. कुळाला घरातून उठवण्यास हातभार लावणारे आणि पुढे त्याच कुळाला छावणीत आसरा देणारे सरकार एकच आहे, हे भान कादंबरीला नाही.

याचे कारण लेखकाच्या सहानुभूतीत शोधण्यापेक्षा त्याच्या माहितीच्या मार्गात शोधणे योग्य ठरेल. स्टाइनबेक यांनी ऑक्टोबर १९३६ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’साठी स्थलांतरितांवर लेखमाला लिहिली. आर्विन येथील छावणीचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांच्या अहवालांचा त्यांना मोठा आधार होता. कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत ज्या टॉमचा उल्लेख आहे तो हाच. म्हणजे ओक्लाहोमाची कथा त्यांना कॅलिफोर्नियाच्या टोकाकडून कळली. उठवल्या गेलेल्या माणसाला ट्रॅक्टर दिसलेला असतो; मालकाने काउंटीच्या कचेरीत जाऊन सही केलेला करार त्याला दिसलेला नसतो. कादंबरीने कुळाची नजर प्रामाणिकपणे स्वीकारली आणि त्या नजरेची मर्यादाही तिच्याबरोबर आली. निषेधाच्या कादंबरीसाठी ही किरकोळ गोष्ट नव्हे. काउंटी हे असे परिमाण आहे की तेथे जबाबदार माणसाला नाव असते आणि ते नाव सर्वांना ठाऊक असते. स्टाइनबेक यांची कादंबरी कुळाच्या उंबरठ्यावरून थेट ‘पूर्वेकडे’ झेप घेते. मधली काउंटी ती ओलांडून जाते.

ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच वर्षी छायाचित्रकार डोरोथिया लँग आणि अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर यांचे ‘अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस’ हे पुस्तकही सिद्ध झाले. छायाचित्रे आणि प्रत्यक्ष माणसांच्या तोंडची वाक्ये असे त्याचे स्वरूप आहे. त्यात ओक्लाहोमातील एक जमीनमालक कसलाही आडपडदा न ठेवता सांगतो की सरकारने दिलेल्या पैशांतून त्याने ट्रॅक्टर घेतले आणि कुळे काढून टाकली. कादंबरीत तुटलेली साखळी येथे एका माणसाच्या दोन-तीन वाक्यांत जुळते आणि तीही तक्रारीच्या नव्हे, तर घरगुती हिशेबाच्या स्वरात. लँग यांनी जून १९३८ मध्ये टेक्सासमधील चिल्ड्रेस काउंटीत घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे : ट्रॅक्टरने काढलेल्या वळणदार सऱ्या एका ओसाड घराच्या अगदी भिंतीपर्यंत आल्या आहेत. अंगण उरलेले नाही. चित्रात एकही माणूस नाही आणि तरीही नाव, महिना, काउंटी या तपशिलांमुळे ते एका विशिष्ट ठिकाणी घडलेल्या व्यवहाराचे चित्र ठरते.

फॉकनर यांच्या बाबतीत काउंटी ओलांडली जाण्याचा प्रश्नच नाही. मिसिसिपीतील लाफायेट काउंटीच्या आधारे त्यांनी योक्नापटॉफा ही काल्पनिक काउंटी उभी केली आणि आपल्या बहुतेक साहित्याला तेथेच जागा दिली. ‘द टॉल मेन’ ही कथा ३१ मे १९४१ च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये आली. सैन्यभरतीसाठी नावनोंदणी न केल्याबद्दल मॅककॅलम घराण्यातील जुळ्या मुलांना पकडण्यास एक सरकारी तपासनीस येतो. मुलांचा बाप बडी याचा पाय यंत्रात चिरडला आहे आणि तो कापण्याची तयारी चालली आहे. रात्री त्या कापलेल्या पायासाठी खड्डा खणता खणता वृद्ध मार्शल तपासनिसाला या घराण्याचा इतिहास सांगतो, आणि त्यात अनुदानाची हकिकत येते. सरकारने कापूस कमी लावण्यासाठी पैसे देऊ केले, ते मॅककॅलमांनी नाकारले. त्यांनी नेहमीप्रमाणे कापूस पिकवला. मग ठरावीक मर्यादेबाहेरच्या कापसावर निर्बंध आहेत हे कळले. मर्यादेबाहेरील कापसावर जबर कर बसवणारा बँकहेड कायदा एप्रिल १९३४ चा, तेव्हा कथेचा तपशील हवेतला नाही. अखेर त्यांनी कापूस सोडला आणि गुरे पाळली. पण पैसा घेतला नाही.

या कथेवर उपदेशाचा आरोप होतो, तो रास्त आहे. मार्शल फार बोलतो आणि तो बोलू लागला की फॉकनरच त्याच्या तोंडून बोलत असल्याचे लपत नाही. तरीही अनुदानाकडे पाहण्याची एक दृष्टी तीत पूर्ण ताकदीने येते : पैसा घेतला की नियम येतो, नियम आला की माणूस नोंदवहीतील एक ओळ होतो. वाचक मॅककॅलमांवर लुब्ध होतो. मात्र धनादेश नाकारण्यासाठी आधी तो देऊ केला जावा लागतो. मॅककॅलम जमिनीचे मालक आहेत, म्हणूनच त्यांच्यापुढे ही नैतिक परीक्षा उभी राहते. त्याच काउंटीतील कृष्णवर्णीय बटाईदारास अर्धा सेंट घ्यावा की नाकारावा हे ठरवण्याची संधीच नव्हती. स्वाभिमानाची ही संपूर्ण चर्चा मालकीच्या कुंपणाच्या आत चालते आणि मार्शलच्या लांबलचक भाषणात त्या कुंपणाचा विषय निघत नाही.

हेलर यांच्या प्रकरणात सूर पालटतो. मेजर मेजर या पात्राचा बाप शेतकरी आहे. लसूणघास न पिकवणे हा त्याचा व्यवसाय. न पिकवलेल्या लसूणघासाबद्दल सरकार त्याला मापागणिक पैसे देते, त्या पैशांतून तो आणखी जमीन घेतो आणि तेथेही लसूणघास पिकवत नाही. शेतकऱ्यांखेरीज इतर कोणालाही सरकारी मदत देणे म्हणजे समाजवाद, असे त्याचे ठाम मत आहे. शेजारीपाजारी त्याला शहाणा समजून सल्ल्यास येतात. हेलर ही कादंबरी लिहीत असताना, १९५६ साली, जमीन पिकाखालून काढण्याबद्दल पैसे देणारी ‘सॉइल बँक’ योजना अमलात आली होती. लसूणघासाची निवड मात्र खट्याळ आहे : कापूस, गहू, मका, तंबाखू यांसारख्या नियंत्रित पिकांत तो नव्हता, उलट जमिनीचा कस राखणारे पीक म्हणून त्याला उत्तेजनच दिले जाई. हेलर यांना शेतीशी कर्तव्य नव्हते. त्यांना ‘न करणे’ हेच काम आणि त्याचा मोबदला वाढत जाणारा, ही तर्काची गंमत हवी होती आणि ती त्यांनी अचूक साधली.

पण विनोद ज्या वाक्यावर उभा आहे ते वाक्य पुन्हा वाचावयास हवे. बाप आणखी जमीन घेतो. ती कोणाकडून घेतो? तीवर आधी कोण राबत होते? विनोदाच्या वेगात हा प्रश्न मागे पडतो, कारण येथे काउंटी आहे पण तीत बापाखेरीज दुसरे कोणी नाही. स्टाइनबेककडे कूळ आहे, धनादेश नाही. फॉकनरकडे धनादेश आहे, तो नाकारणारा मालक आहे. हेलरकडे धनादेश घेणारा मालक आहे. कूळ आणि धनादेश एकाच पानावर समोरासमोर येत नाहीत.

पुढे वास्तवाने हेलर यांच्या तर्काला गाठले. १९९६ च्या कायद्याने देयके प्रत्यक्ष पिकापासून तोडून जमिनीच्या जुन्या नोंदींशी जोडली. ‘एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप’ या संस्थेने माहितीच्या कायद्याखाली मिळवलेल्या सरकारी नोंदी २००१ साली खुल्या केल्या, तेव्हा प्रत्येक काउंटीत कोणाला किती रक्कम मिळाली हे नावानिशी वाचता येऊ लागले. अजिबात शेती न करणाऱ्यांना २००० सालापासून किमान १.३ अब्ज डॉलर मिळाल्याचे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २००६ साली दाखवून दिले. थेट देयकांची ती पद्धत २०१४ च्या कायद्याने बंद झाली. जुन्या आधार-क्षेत्राची कल्पना नंतरच्या योजनांतही टिकून आहे. या याद्यांत नाव असते ते हक्कदाराचे, मजुराचे नसते. आपल्याकडेही २०१९ साली जाहीर झालेल्या किसान सन्मान निधीचे वार्षिक ६,००० रुपये सातबाऱ्यावरील नावाच्या मागे जातात आणि बटईने शेती करणारा त्या यादीबाहेर राहतो, हे येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही.

साहित्याने जमाखर्च का मांडावा, असा आक्षेप यावर घेता येईल. जेम्स एजी व वॉकर इव्हान्स यांनी १९३६ च्या उन्हाळ्यात अलाबामातील हेल काउंटीत तीन गोऱ्या कूळ-कुटुंबांबरोबर राहून जे पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध केले, त्यात पैशावर स्वतंत्र प्रकरण आहे : मालकाने महिन्याला दिलेले दहा डॉलर, त्यावरील व्याज, हंगामाअखेर हाती उरणारी शिल्लक वा उरावर बसणारे कर्ज. ते कथात्म साहित्य नव्हे, असे म्हणून आक्षेप टिकवता येतो. परंतु फॉकनर यांच्याच ‘गो डाउन, मोझेस’ (१९४२) मध्ये आयझॅक मॅककॅस्लिन मळ्यावरील दुकानाच्या जुन्या वह्या वाचतो. तारखा, डॉलर, नावे, अशुद्ध लेखनातील त्रोटक नोंदी. आणि त्या नोंदींतून घराण्याचे पाप उलगडत जाते. जमाखर्चाच्या वहीतून अमेरिकन साहित्यातील एक श्रेष्ठ प्रसंग निर्माण होऊ शकतो, हे ‘द टॉल मेन’नंतर वर्षभरातच त्याच लेखकाने सिद्ध केले. फॉकनर यांनी १९३८ साली ग्रीनफिल्ड फार्म विकत घेतले होते आणि तेथे कृष्णवर्णीय कुळे होती. या चरित्रात्मक तपशिलावरून निकाल देण्याचा मोह टाळलेला बरा, कारण वह्यांचे प्रकरण लिहिणारा लेखकही तोच जमीनमालक आहे. आयझॅक एकविसाव्या वर्षी वारसा नाकारतो तो १८८८ साली. दुकानातील त्या वह्या पुढेही चालूच राहिल्या. १९३४ च्या हंगामात बटाईदाराचा अर्धा सेंट त्याच्या उधारीत वळता झाला, तो अशाच वह्यांत.